दुसरा साक्षीदार

६ ऑक्टोबर, शुक्रवार

संपली एकदाची खजुराची उतरणी! शेवटची तीन झाडं आज. शेजारचा अखमूक वर, मी खाली — तीस वर्षं हीच वाटणी. तो कमरेचा दोर खोडाला टाकून उभा राहतो, घड कापतो, दोरीने सोडतो, मी धरतो. धरतो म्हणजे, प्रयत्न करतो. आज एक घड थेट डोक्यावर. सोबत गांधीलमाश्या.

"उस्ताद, हात पुढे कर, डोकं नको!" वरून हा. "नकाशावर वाळवंट दाखवून दाखवून बोटं मऊ पडली तुझी."

खाली उतरल्यावर माझा सुजलेला कान धरून मला सगळ्या बागेत मिरवलं. सेहेचाळीस वर्षांचा शिक्षक मी! पोरं लोळत होती हसून.

मग चहा. हनिया आत्या असताना दुसऱ्या कुणी किटलीला हात लावायचा नाही. पंच्याऐंशी वर्षांची आहे, पण उंचावरून चहा ओतताना तिचा हात अजून हलत नाही. फेस आला नाही तर चहा पुन्हा किटलीत. तिसऱ्या पेल्यात शेंगदाणे पडले आणि ती म्हणाली, "शेंगदाणे संपायच्या आत सांगून टाकते. आमच्या अय्यूबला तुमची फदीमाता हवी आहे. तिलाही तो हवाय, मी विचारलंय. आता बाप लोकांनाही विचारायची रीत आहे म्हणून विचारते."

अय्यूबच्या घशात शेंगदाणा अडकला. माझ्या मुलाचं गुपित मला माझ्या आत्याकडून, माझ्याच बागेत कळावं!

अखमूकने फेट्याचा पदर नाकावर ओढला. तुआरेग माणसाचा चेहरा डोळ्यांतच वाचायचा. डोळे हसले. मग थांबले.

"आनंद आहे, आत्या. याहून मोठा आनंद काय? पण माझी एक अट आहे."

"बोल."

"माझी मुलगी तुमच्या घरात पाहुणी म्हणून येणार नाही. तिचं नाव तुमच्या घराच्या नोंदणी-पुस्तकात सरकारी शाईने लिहिलं जाईल, त्या दिवशी लग्न."

अट आम्हाला नव्हती, सरकारला होती. अखमूकच्या घराला राष्ट्रीय क्रमांकच नाही. त्याचे आजोबा अगाली लिबियाच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नोंदणीत सापडत नाहीत. ते नाहीत म्हणून त्याचा बाप नाही, म्हणून तो नाही, म्हणून फदीमाता नाही. तात्पुरता आकडा दिलाय. तो दाखवला की कचेरीतला माणूस आधी खुर्चीत मागे टेकतो, मग बोलतो. फदीमाता तीन वर्षं दवाखान्यात सुया टोचते आहे, नेमणुकीचा कागद नाही.

आत्या म्हणाली, "होईल. चहा पी, निवतोय."

७ ऑक्टोबर

कान अजून वांग्याएवढा. माझी बायको वनीसा म्हणते, सासरा म्हणून शोभतोस.

१४ ऑक्टोबर

बातमी! समिती येणार आहे — आमच्या वादीतल्या, या वाळवंटी खोऱ्यातल्या, ज्या घरांना क्रमांक नाहीत त्यांच्या साक्षी घ्यायला. नगरपालिकेत बसणार, पंचवीस डिसेंबरपर्यंत. अखमूकला सांगायला धावलो. तो ट्रकखाली होता, फक्त पाय दिसत होते.

"कोणतं सरकार पाठवतंय? त्रिपोलीचं की बेनगाझीचं?"

"दोघांनी मिळून, म्हणतात."

"मग नक्की खोटं आहे," पाय म्हणाले. पण लगेच बाहेर आला. हाताचं ग्रीस न पुसता फॉर्म वाचायला घेतला आणि ग्रीसचा ठसा उमटला. दुसरा आणून दिला.

साक्षीदार दोन हवेत. एक वयस्क — जुनं पाहिलेला. दुसरा सरकारी नोकर — ज्याच्या सहीला वजन आहे असा.

"दुसरा कोण ते विचारायलाच नको," अखमूक म्हणाला. "वादीत तुझ्याइतका सरकारी दिसणारा माणूस नाही, उस्ताद. झोपतोससुद्धा हजेरी घेतल्यासारखा."

मला अभिमान वाटला. हे लिहून ठेवतो. वाटला.

१९ ऑक्टोबर

आठवीच्या वर्गाला म्हटलं, पुस्तक मिटा, लिबियाचा नकाशा आठवणीने काढा. तेवीस नकाशे, तेवीस देश! एकाने किनाराच काढला नाही. "सर, मी समुद्र पाहिलेला नाही, खोटं कशाला काढू?" एकीने त्रिपोली आणि बेनगाझी एवढ्या जवळ काढली की एकाच गल्लीत. म्हटलं, हजार किलोमीटर आहे ग. म्हणाली, "माहीत आहे सर. पण मग मावशी येतच नाही." आणि आमची वादी! प्रत्येकाच्या नकाशात आमची वादी किमान अर्धा देश.

एकालाही नापास करवलं नाही.

घरी येऊन अय्यूबला दाखवले. तो सौर पंप बसवत वादीभर हिंडतो. त्याने एका नकाशावर बोट ठेवलं. "इथे फदीमाताचा दवाखाना सुद्धा दाखवलाय. सरकारपेक्षा हा पोरगा हुशार."

२९ ऑक्टोबर

आज हनिया आत्या समितीपुढे! असा दिवस पुन्हा होणे नाही.

सकाळी सहाला तयार. लग्नातलं पांढरं वस्त्र, चांदीची कडी, डोळ्यांत सुरमा. मी म्हटलं, आत्या, साक्ष द्यायचीय. म्हणाली, "मग काय चोरासारखी जाऊ?"

समितीचा कारकून तरुण आहे, उत्तरेचा, चष्मा लावतो. बिचारा मर्यादेने बोलत होता. "हाजी बाई, वयस्क साक्षीदार शक्यतो पुरुष असावा असं वरून कळवलंय."

"पुरुष सगळे मेले," आत्या म्हणाली. "आता मी काय करू? मीही मरू, म्हणजे बरोबरी होईल?"

मागे रांगेत हशा. कारकुनाने चष्मा काढून पुसला. तोही हसत होता.

"बरं, सांगा. अगालीला ओळखत होता?"

"ओळखत? मी सहा वर्षांची असताना त्याच्या उंटावरून पडले. हा दात बघ. हा नाही तो. त्याच्या उंटामुळे."

"ते इथेच राहत होते? स्वातंत्र्याच्या आधीपासून?"

"नाही तर माझा दात काय पॅरिसमध्ये पडला?"

कारकुनाने लिहिलं — 'साक्षीदाराने शारीरिक पुरावा दाखवला.' अल्लाची शपथ, असंच लिहिलं. मी वाकून वाचलं. बाहेर आल्यावर अखमूकने आत्याचं कपाळ चुंबलं. ती म्हणाली, "फेटा दूर कर, तोंडात जातोय."

येताना ट्रकमध्ये सगळ्यांनी गाणी म्हटली. फदीमाताने पुढच्या पत्र्यावर ठेका धरला. मीही म्हटली. मला सूर नाही, हे सर्वांनी मिळून कळवलं.

३० ऑक्टोबर

आज माझी पाळी. आणि मी सही न करता परत आलो.

नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच कळेल.

फॉर्मवर छापील मजकूर आहे: 'मी अल्लाच्या नावाने शपथपूर्वक सांगतो, की सदर व्यक्तीचे आजोबा स्वातंत्र्यापूर्वी या ठिकाणी राहत होते हे मला स्वतःला प्रत्यक्ष माहीत आहे.' खाली रेघ. कारकुनाने पेन पुढे केलं. अखमूक बाहेर पायरीवर बसून कुणाला तरी उंटाची गोष्ट सांगत होता, हसण्याचे आवाज येत होते. मी मजकूर दोनदा वाचला. मला स्वतःला. प्रत्यक्ष. मी जन्मलो त्याआधीच अगाली वारले होते. मला काय प्रत्यक्ष माहीत आहे?

कारकून म्हणाला, "छापील आहे, उस्ताद. सगळे करतात."

मी म्हटलं, "उद्या येतो." बाहेर येऊन अखमूकला सांगितलं, गर्दी आहे. म्हणजे खोट्या शपथेच्या भीतीने मी पाच पावलांवर खोटं बोललो!

शंका नाही मला. रतीभर नाही. पण रोज पोरांना शिकवतो, पाहिलं ते काढा, ऐकलं ते काढू नका. समुद्र न काढणाऱ्या पोराला मी पूर्ण गुण दिले.

आणि हेही लिहायला हवं — अय्यूब माझा मुलगा आहे. या सहीत माझा स्वार्थ आहे. ज्या शपथेत माझा फायदा, ती तर जास्तच तपासून घ्यायला नको का? की हे सगळं ढोंग आहे, आणि मला फक्त माझी स्वच्छ सही प्रिय आहे?

३१ ऑक्टोबर

वनीसाला सांगितलं. ती बाजीनसाठी शिजवलेलं जवाचं पीठ लाकडाने घोटत होती. लाकूड हातात तसंच धरून म्हणाली, "मिस्बाह, कयामतच्या दिवशी तुला फॉर्म भरायला बसवतील. सगळी दुनिया रांगेत थांबेल."

९ नोव्हेंबर

अखमूकला कळलंच. कारकुनाने विचारलं असणार. संध्याकाळी आला, आणि भिंतीपलीकडून हाक न मारता दारातून आला. तिथेच समजलो.

"तुला शंका आहे?"

"शंका नाही. शपथ आहे."

"फरक?"

"शंका असती तर तुला तोंडावर सांगितलं असतं. शपथेत लिहिलंय मी पाहिलं. मी पाहिलं नाही, अखमूक."

तो तिथेच खाली बसला. मग म्हणाला, "पहिलीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

"तू."

"तुला गोवर आला तेव्हा?"

"तुलाही आला. माझ्यामुळे."

"तुझ्या बापाच्या कबरीत कोण उतरलं होतं?"

"तू."

"हे पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग?"

"ते फॉर्मवर नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठल्या तरी दुसऱ्या भाषेत बोललो होतो. उठला. दारात थांबला. "उस्ताद, मी तुझ्यावर रागावलोय. पण कसं रागवायचं ते सुचत नाही. सुचलं की येतो."

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर

आज देशाचा सामना! वादीत दोनच मोठे पडदे. त्यातला एक अखमूकच्या अंगणात. जावं की नाही? वनीसा म्हणाली, "तू गेला नाहीस तर तो रागावला म्हणून गेला नाहीस असं होईल. गेलास तर तो रागावलाय हे तो विसरेल." गेलो.

पन्नासेक माणसं. बायका गच्चीवर, पोरं भिंतींवर. अय्यूबने सौर बॅटरी जोडून दिली होती, म्हणून वीज गेली तरी आमचा सामना चालू! शेजारच्या गल्लीतून ओरडण्याचा आवाज थांबला की आम्ही ओळखायचो, त्यांचा पडदा गेला.

राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उठले. तसे सगळेच उठतात, अर्धे बोलत, अर्धे बिया चघळत. अखमूक ताठ उभा राहिला. फेटा नाकावरून खाली घेतला. सबंध चेहरा उघडा करून तो गात होता, शब्द न् शब्द. त्याचा चेहरा सबंध उघडा मी आयुष्यात किती वेळा पाहिलाय? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. मला गाता येईना.

बसल्यावर म्हणाला, मला ऐकू जाईल असं, "अकरा जणांना पाठीवर नंबर दिलेत. एक मला दिला असता तर काय बिघडलं असतं? बेंचवर बसलो असतो."

हशा! मीही हसलो. आणि मग शेवटच्या मिनिटाला गोल! आमचा! काय झालं ते मला नीट आठवत नाही. आत्या गच्चीवरून लग्नातल्यासारख्या जीभ हलवून किलकाऱ्या देत होती. कुणाचा तरी चहा माझ्या सदऱ्यावर. आणि अखमूकने मला उचललं होतं. खरंच उचललं, पाय जमिनीला लागत नव्हते.

"रागावलोय मी अजून!" तो माझ्या कानात ओरडला. त्याच कानात.

"माहीत आहे!" मी ओरडलो.

१७ नोव्हेंबर

गळा बसलाय. शुक्रवारचा जादा तास होता, खुणांनी भूगोल शिकवला. पोरांना जास्त आवडला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी उठल्या उठल्या सुचलं. इतकं सोपं! छापील मजकूर मला खोडता येतो. त्याच्या जागी मला जे माहीत आहे ते लिहिता येतं.

कोरा कागद घेतला. लिहिलं:

'अगाली यांना मी पाहिलेलं नाही. ते कुठे जन्मले हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मला प्रत्यक्ष माहीत आहे ते असं. त्यांचा मुलगा माझ्या वडिलांबरोबर एकाच पाटाचं पाणी वाटून घेत असे. पाळी चुकली तर भांडण होई, आणि परक्या माणसाशी कुणी पाण्याच्या पाळीवरून भांडत नाही. त्यांचा नातू अखमूक माझ्याबरोबर एका बाकावर अकरा वर्षं बसला. मला सात बायकांनी दूध पाजलं असं माझी आत्या सांगते. त्यातली एक अखमूकची आई. ती माझी दूधआई, हे सबंध वादीला माहीत आहे. वाळूचं वादळ आलं त्या वर्षी आमच्या बागेची भिंत त्यांनी आमच्याआधी उभी केली. हा मनुष्य इथला नसेल, तर इथला कोण ते मला सांगावं, म्हणजे मी त्याच्यासाठी साक्ष देईन.'

शेवटचं वाक्य खोडलं. ते साक्ष नाही, भाषण आहे. मग पुन्हा लिहिलं. राहू दे.

वनीसाला वाचून दाखवलं. ती उठून गेली आणि मोठ्या परातीत बाजीन घेऊन आली, मध्ये पिठाचा डोंगर, भोवती रस्सा. "भिंतीवरून अखमूकला हाक मार," म्हणाली. "एका परातीत जेवा. बरेच दिवस झाले."

जेवताना त्याला कागद दिला. त्याने डाव्या हाताने धरला, उजवा रश्श्यात होता. वाचला. घडी केली.

"भांडणाचं कशाला लिहिलंस?"

"खरं आहे म्हणून."

"पाळी तुझा बाप चुकवायचा."

"तेही लिहू?"

"लिही!" म्हणाला, आणि परातीतला मांसाचा मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला. राग संपला. मला एवढी भूक होती हे मलाच माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर

कारकुनाने माझा कागद तीनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. "उस्ताद, असं कुणी लिहीत नाही."

"चालेल का?"

"चालेल की नाही हे सांगणारा नियम शोधावा लागेल." नियमांचं जाड पुस्तक काढलं. मला तो माणूस आवडायला लागलाय, माझ्यासारखाच आहे. अर्ध्या तासाने म्हणाला, "सापडलं. साक्षीदाराने छापील मजकूर वगळून स्वतःचं निवेदन दिलं, तर ते ग्राह्य. पण मग त्याला स्वतःच्या घराच्या पहिल्या नोंदणीची प्रत जोडावी लागते. साक्ष देणारा स्वतः पक्का आहे का, म्हणून."

"आमच्या घराची?"

"छापील सही केली असती तर लागली नसती," त्याने जरा वाईट वाटून सांगितलं. "जुन्या दफ्तरातून मागवावी लागेल. येईल तेव्हा येईल."

बाहेर आलो. अखमूकला सांगितलं. तो पायरीवर आडवा होऊन हसला. "म्हणजे आता तू लिबियन आहेस का ते बघणार? जन्मापासून मी रांगेत उभा आहे, उस्ताद. ये, माझ्या मागे उभा राहा!"

हसलो. आपल्या घराची काय काळजी? आमचं नाव नसेल तर कुणाचं असेल? पण घरी येता येता वाटलं — हे वाक्य मी किती सहज म्हटलं.

१ डिसेंबर, शुक्रवार

क्रमांक नाही, तारीख नाही, आणि दोन्ही घरांत लग्नाची भांडणं मात्र जोरात! किती छान भांडणं!

फदीमाताची आई म्हणते, तंबू. त्यांच्यात बायका मिळून नव्या जोडप्याचा तंबू उभारतात, रोज उतरवतात, रोज पुन्हा उभारतात, दर दिवशी जरा मोठा, सात दिवस.

वनीसा म्हणते, "तीन खोल्या बांधल्यात पोराने स्वतः. रंग दिलाय. आणि नवरा-नवरी वाळूत?"

"सात दिवसच ग," फदीमाताची आई म्हणाली. "खोल्या काय पळून जाणार आहेत?"

"तंबू पळाला तर?"

"म्हणून तर रोज नवा बांधायचा. घर एकदाच बांधून होत नाही, बाई."

वनीसाने मान डोलावली — इतिहासात नोंद व्हावी अशी घटना. शेवटी ठरलं: सात दिवस तंबू, पण तंबूला वीज अय्यूबच्या सौर पत्र्यांची, आणि स्वयंपाक वनीसाचा. आत्याने मध्यस्थी केली. मध्यस्थी म्हणजे, दोघींना म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत होणार असेल तर लवकर भांडा."

फदीमाता मला म्हणाली, "काका, तुमचा कागद अब्बांनी दवाखान्यात आणून सगळ्यांना वाचून दाखवला. सुई टोचून घेणाऱ्यांनासुद्धा."

"काय म्हणाले लोक?"

"एक म्हणाला, सुई कमी दुखली."

१० डिसेंबर

दफ्तरातून काही नाही. समिती पंधरा दिवसांत उठणार. कारकून म्हणतो, फोन केलाय. फोन केलाय हे उत्तर मी स्वतः पालकांना देतो, म्हणून किंमत माहीत आहे.

आज वाटलं, छापील ओळीवर सही केली असती तर एव्हाना फाइल वर गेली असती. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत फदीमाता भरणार का? अय्यूबने मला एवढंच विचारलं, "अब्बा, उद्या परत तोच प्रसंग आला तर?" मी म्हटलं, "तेच करीन. आणि असाच घाबरेन." तो हसला, माझ्या पेल्यात त्याचा चहा ओतला.

१५ डिसेंबर

काही नाही. अखमूक मला धीर देतो! उलटं नाही का व्हायला हवं?

२० डिसेंबर

कारकुनाचा फोन. पाकीट आलंय, लाखेचं, उद्या सकाळी तुमच्यासमोर फोडतो. आवाज आनंदी होता की नाही ते कळलं नाही. सरकारी होता.

२१ डिसेंबर, गुरुवार

आमच्या घराची पहिली नोंद. पिवळा कागद, एकच पान. माझ्या आजोबांचं नाव. पुढे: 'मूळ ठिकाण अज्ञात. लहानपणी काफिल्याबरोबर वाळूपलीकडून आलेला. स्वतःचा पुरावा नाही. साक्षीवरून दाखल.' खाली निळा अंगठा. 'साक्षीदार: अगाली. याच वादीत, बापजाद्यांपासून राहणारा. म्हणून साक्ष ग्राह्य.'

कारकुनाने लगेच जुन्या दफ्तरात फोन लावून विचारलं. त्या आठवड्यातल्या सात घरांखाली तोच अंगठा. स्वतःचं घर नाही.

आत्या सोबत होती, तिला वाचून दाखवलं. ती हसत सुटली, मग डोळे पुसले. "निळा अंगठा! महिनाभर धुतला नाही त्याने. सगळ्यांना दाखवत फिरायचा, मी सरकारात लागलो म्हणून. त्याला वाटलं, अंगठा दिला की आपलंही नाव लागलं."

कारकुनाने अखमूकच्या फाइलवर शिक्का मारला. म्हणाला, अगाली इथलेच होते याचा याहून पक्का पुरावा मी पाहिला नाही.

अखमूकला भिंतीवरून हाक मारली. "केलीस सही शेवटी?" त्याने विचारलं.

म्हटलं, "मी नाही. तुझ्या आजोबांनी केली. माझ्यासाठी."